कुंकवाखालचे कडवे

हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला होता. त्यावर मोठ्या तबकड्या एकोणीस, लहान तबकड्या अकरा, रिकामी पाकिटे दोन, सुयांची गंजलेली डबी एक आणि कुंकवाचा पितळी करंडा एक. अकरा लहान तबकड्यांत सगळ्यांत वर ठेवलेली ती मी.

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिले नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. मी काळी, गोल, सात इंच रुंद आहे. माझ्या पोटावर कागदाचे निळे लेबल आहे आणि त्याच्या मधोमध एक भोक. माझ्या अंगावर एकच एक बारीक खाच आहे. ती कडेपासून निघते आणि गोल गोल फिरत लेबलापर्यंत येते. यंत्रावर मी फिरू लागले की सुई त्या खाचेतून चालते आणि खाचेच्या भिंतींवर जे कोरलेले आहे ते गाऊ लागते. म्हणजे माझे गाणे कडेला सुरू होते आणि लेबलाजवळ संपते. हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात पुढे जे काही झाले ते या एका गोष्टीमुळे झाले.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे काळे दाणे तापवून त्यांचा मऊ गोळा केला गेला. तो दोन साच्यांच्या मध्ये ठेवून वरून मोठा दाब दिला गेला. एका क्षणात मी गोळ्याची चकती झाले आणि त्याच क्षणी मला आवाज मिळाला. तो आवाज माझा नव्हता. तो नानीबाईंचा होता.

नानीबाई कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर राहत. बंजारा समाजात मुलगी सासरी निघाली की सूर धरून रडते. त्या रडगाण्याला ढावलो म्हणतात. आईच्या गळ्यात पडून, बापाच्या गळ्यात पडून, मैत्रिणींच्या गळ्यात पडून नवरी ढावलो म्हणते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे कोरडे राहत नाहीत. नानीबाईंच्या घरचा ढावलो आठ कडव्यांचा होता. पहिल्या सात कडव्यांत नवरी रडते. आठव्यात ती रडणे थांबवते आणि मागे राहणाऱ्या तांड्याला आशीर्वाद देते. नानीबाई मुलींना बजावत, "आठवं म्हटल्याबिगर उंबरा वलांडू नका. नुसतं रडून गेलं तं घराला काय देऊन गेलं?"

एका लहानशा कंपनीची माणसे गाणी गोळा करत नांदेडला आली होती. त्यांनी नानीबाईंना आणि त्यांच्या जोडीला सूर धरणाऱ्या धुरपताबाईंना एका खोलीत बसवले. नानीबाई सवयीप्रमाणे सावकाश गायल्या. सातवे कडवे संपता संपता काचेपलीकडच्या माणसाच्या लक्षात आले की तबकडीवरची जागा संपत आली आहे. तो हाताने 'आवरा, आवरा' अशी खूण करू लागला. नानीबाईंनी आठवे कडवे भराभर म्हणून टाकले. म्हणून माझ्या अंगावर सात कडवी ऐसपैस बसली आहेत आणि आठवे लेबलाजवळच्या चिंचोळ्या पट्टीत, अंग चोरून.

नानीबाईंचे जावई धनसिंग यांचा कनेरगाव नाक्यावर ढाबा होता. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे ट्रक तिथे थांबत. भट्टी मागच्या अंगाला आणि पुढच्या अंगाला, गल्ल्याशेजारी, तबकड्यांचे यंत्र. वर कडुनिंबाला एक भोंगा बांधलेला. त्या काळी आमच्या भागात तबकडीला तवा म्हणत. "धनसिंगभाऊ, त्यो सासूबाईचा तवा लावा," असे कळमनुरीचे तातेराव दरवेळी म्हणत. तातेराव लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचे काम करत आणि येता-जाता ढाब्यावर हटकून थांबत. दूरदूरचे ट्रकवाले माझे शब्द समजत नसतानाही जेवता जेवता हात थांबवत. एकाने तर मला तीनदा लावायला लावले आणि भाकरी गार करून घेतली. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

ढाब्यावर तवा हा शब्द मात्र एकदा महागात पडला. लग्नसराईत गर्दी होती. धनसिंग यांची वहिनी शालूबाई मदतीला आली होती. धनसिंग घाईघाईने म्हणाले, "वहिनी, तवे घासून ठिवा, सांजच्याला लागतेत." त्यांना भाकरीचे तवे म्हणायचे होते. शालूबाईने गल्ल्यावर पाहिले, तिथे काळे गोल तवे रचून ठेवलेले. तिने दोन मोठ्या तबकड्या उचलल्या आणि चुलीची राख आणि नारळाची शेंडी घेऊन लख्ख घासल्या. धनसिंग आले तेव्हा तिने तिसरीला, म्हणजे मला, हात घातला होता.

"वहिनी, हे काय करून राहिल्या?"

"तुमीच तं म्हनले तवे घासा. आन् काय हो भावजी, हे तवे कसले? चुलीवर ठिवले तं इतळून जातील की."

धनसिंग डोक्याला हात लावून खाली बसले. मग तेच हसू लागले. त्या दोन तबकड्या पुन्हा कधी गायल्या नाहीत, पण त्यांनी त्या फेकल्याही नाहीत. त्यांनी त्या न फेकल्याचे मोल पुढे कळले.

मग कॅसेट आल्या. कॅसेटला सुई लागत नाही, ती खिशात मावते आणि ट्रक हलला तरी उडत नाही. धनसिंग यांनी यंत्र विकले, भोंगा काढला आणि आम्हा सगळ्यांना ट्रंकेत ठेवले. माझ्या मनात राग नव्हता. काम संपले की विसावा मिळतोच. शिवाय आम्हाला विसरले गेले असेही म्हणता येणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शेतकरी नांगराची आणि सुतार करवतीची पूजा करतो. धनसिंग आमची करत. "ह्या तव्यायनं पोट भरलं आपलं. ह्यायची पूजा चुकवायची न्हाई," असे म्हणून ते ट्रंक उघडत. त्यांची बायको पारुबाई करंगळी खोबरेल तेलात बुडवून कुंकू उचलत आणि सगळ्यांच्या वतीने वरच्या तबकडीला, म्हणजे मला, एक टिळा लावत. पारुबाई नानीबाईंची लेक. तोवर नानीबाई या जगात नव्हत्या. पारुबाईंच्या लेखी मला लावलेला टिळा आईलाच लागत होता.

पहिल्या वर्षी त्यांचे बोट लेबलाकडे गेले. धनसिंग म्हणाले, "तिथं नगं. तुझ्या मायचं नाव हाय तिथं, पुसून जाईल. खाली काळ्यावर लाव."

पारुबाईंनी टिळा लेबलाच्या खाली, अगदी लागून लावला. दुसऱ्या वर्षी त्याच टिळ्यावर दुसरा. तिसऱ्या वर्षी तिसरा. तेल चिकट झाले, कुंकू घट्ट झाले, वर्षाला एक थर चढत गेला. मित्रांनो, तुम्हाला मी सुरुवातीला जे लक्षात ठेवायला सांगितले होते ते आठवा. त्यांनी नाव वाचवले आणि त्या नादात आठव्या कडव्यावर कुंकवाची खपली बसली. कोणालाच ते कळले नाही, कारण मला कोणी लावतच नव्हते.

पारुबाई आणि धनसिंग यांना दोन मुली, थोरली मिना आणि धाकटी निता. निता हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. कुठलीही गोष्ट करून पाहिल्याशिवाय मानायची नाही अशी तिची सवय. दूध किती वेळात ऊतू जाते हेसुद्धा ती मनगटातल्या घड्याळावर पाही, आणि पारुबाई म्हणत, "घड्याळ पाहता पाहता दूध गेलं बाई तुझं." २००२ सालच्या हिवाळ्यात मिनाचे लग्न ठरले. मिना ढावलो शिकायला धुरपताबाईंकडे जाऊ लागली. नांदेडला नानीबाईंच्या शेजारी बसून गायलेल्या त्या धुरपताबाई आता पुष्कळ थकल्या होत्या. त्यांनी सात कडवी शिकवली आणि तिथेच थांबल्या.

"आन् आठवं?" मिनाने विचारले.

"आठवं नानी एकलीच म्हने," धुरपताबाई म्हणाल्या. "तवर आमी रडन्यातच राहत होतो. कोनाचं ध्यान असनार?"

मिना घरी आली. पारुबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात मायनं माझ्यामागं हुबं राहून एकेक शबूद सांगितला, मी म्हटला. पर रडता रडता काय म्हटलं त्ये मलाच आइकू आलं न्हाई. ढाब्यावर तवा वाजायचा तं मी भट्टीपाशी." मग तिघी धनसिंग यांच्याकडे वळल्या. त्यांनी तर मला शेकडो वेळा लावले होते. धनसिंग यांनी चाल गुणगुणून दाखवली. शब्द मात्र एकही येईना.

"बापू, तुमी तर रोज आइकत होते," निता म्हणाली.

"आइकत होतो बाई. पर आठवं लागलं की मी फुडचा तवा हुडकायला लागायचो. येक संपला की दुसरा लगीच पाहिजे, न्हाईतं गिऱ्हाईक उठतंय."

अशी गंमत होती. ज्यांनी ते कडवे ऐकायला हवे होते त्यांतली एक रडत होती, एक भाकऱ्या थापत होती आणि एक पुढची तबकडी शोधत होता. पारुबाईंच्या तोंडावर मात्र हसू नव्हते. लेक आशीर्वाद न देता उंबरा ओलांडणार, ही गोष्ट त्यांना काही केल्या पटेना. त्या उठल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली.

तातेरावांनी स्वतःकडचे जुने यंत्र आणून दिले. "सुई येकच हाय बरं का धनसिंगभाऊ," ते म्हणाले. "मोडली तं हिंगोलीत न्हाई, नांदेडात न्हाई. म्हंजी मंग तुमच्या सासूबाईला वरूनच बलवावं लागंल."

मला यंत्रावर ठेवले. किती वर्षांनी मी फिरत होते. नानीबाईंचा आवाज निघाला, खरखरीत पण स्वच्छ, आणि पारुबाईंनी पदर तोंडाला लावला. एक, दोन, तीन अशी सात कडवी झाली. आठव्याचा पहिला सूर लागला आणि सुई खपलीवर आदळून उडाली ती थेट लेबलावर. धनसिंग यांनी ती पुन्हा ठेवली. पुन्हा उडाली.

"थांबा बापू," निता म्हणाली. "सुई तुटंल."

तिने मला उन्हात नेले आणि भिंग लावून पाहिले. मी तिच्या डोळ्यात पाहिले तेव्हा तिथे भीती नव्हती, उत्सुकता होती. ती म्हणाली, "खाच शाबूत हाय. वर तेल हाय, कुंकू हाय. काय लावल्यावर निघतंय ते पाहावं लागंल. पर हिच्यावर करून पाहायचं न्हाई."

आता त्या दोन घासलेल्या तबकड्यांचे मोल कळले. निताने त्या पुढे ओढल्या, त्यांच्यावर तेच खोबरेल आणि त्याच करंड्यातले कुंकू लावून बोटाएवढे ठिपके काढले आणि ते सुकू दिले. मग एकेका ठिपक्यावर तिचे प्रयोग सुरू झाले. मी खाटेवर फडक्यावर ठेवलेली होते आणि सगळे पाहत होते.

बोअरचे पाणी लावले, तर ठिपका जागचा हलला नाही, उलट पाणी सुकल्यावर पांढरे डाग राहिले. आमच्याकडचे पाणी जड आहे, क्षार सोडून जाते. रॉकेलने तेल निघाले, पण खाचेत तेलकट थर राहिला आणि घरभर वास सुटला. कपड्याच्या पावडरीने कडेची पिवळट झाक लाल झाली. पारुबाई दारातून ओरडल्या, "अगं, रगत निघून राहिलं तिचं." गोरबोलीत आईला याडी म्हणतात. निता म्हणाली, "रगत न्हाई याडी. कुंकवात हळद असते, सोड्यानं ती लाल होते." मेडिकलमधल्या स्पिरिटने रंग उतरला, पण खाली एक पांढरट कवच तसेच राहिले.

मिना अधीर झाली होती. लग्न तिचे होते आणि बहीण ठिपके मोजत बसली होती. नखांचा रंग काढायची बाटली घेऊन ती खाटेपाशी आली आणि तिने मला उचलले. "ह्यानं सगळं निघतं. एक मिनिटात."

"ठेव तिला खाली," निता म्हणाली. "आधी ह्या तव्यावर टाक."

मिनाने घासलेल्या तबकडीवर चार थेंब टाकले. ठिपका निघाला, पण त्यासोबत काळे अंगही निघाले. कापूस काळा झाला, ती जागा निस्तेज आणि चिकट झाली. मग मिनाने मला इतक्या हळू खाली ठेवले की फडक्याला घडीसुद्धा पडली नाही.

निता विचार करत बसली. हे कुंकू बाजारचे नव्हते. धुरपताबाई ते घरी करत, हळदीत चुन्याची निवळी कालवून. म्हणजे त्या पांढऱ्या कवचात चुना होता आणि चुना आंबटाने विरतो. तिने ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणवले आणि त्यात वाण्याकडचे चिमूटभर लिंबूसत विरघळवले. दुसऱ्या वाटीत त्याच पाण्यात रिठे भिजवून गाळून घेतले. आधी लिंबूसताचे पाणी, मग रिठ्याचे, मग थोडे स्पिरिट, शेवटी नुसते बॅटरीचे पाणी. असे चार हात फिरवल्यावर घासलेल्या तबकडीवरचा ठिपका पूर्ण निघाला आणि काळे अंग चमकले. तिने तीन निराळ्या ठिपक्यांवर तेच केले. तिन्ही निघाले.

"याडी, जमलं," ती म्हणाली. "आता नानीचं कुंकू पुसते."

पारुबाईंच्या हातातले सूप खाली आले. "काय म्हनली?"

निताला आपण काय बोलून गेलो ते कळले, पण शब्द सुटून गेला होता.

"लगीनघरात कुकू पुसतेत?" पारुबाई म्हणाल्या. "काय बोलून राहिली तू? तुझ्या बहिनीच्या कपाळाला अजून कुकू लागायचं हाय. आन् माझ्या मायचं, माझ्याच हातानं लावलेलं. लई शिकली म्हून काहीबी बोलायचं व्हय?"

"याडी, पुसलं न्हाई तर आठवं कडवं निघायचं कसं?"

"न्हाई निघालं तं न्हाई निघालं. सात म्हनंल माझी लेक. पर कुकू पुसून आशीरवाद घ्यायचा न्हाई मला." त्यांनी मला फडक्यासकट उचलले, ट्रंकेत ठेवले आणि वर करंडा ठेवून झाकण लावले.

मित्रांनो, त्या अंधारात मला दोघींचेही म्हणणे बरोबर वाटत होते. मी ज्यासाठी जन्मले ते कुंकवाखाली होते आणि ते कुंकू मायेचे होते. माझ्या अंगावर जर डाग असेल तर तो हाच, आणि त्याला डाग म्हणायला माझे मन होत नव्हते. झाकणापलीकडे सूप पाखडण्याचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडली. निताने करंडा घेतला, मला नाही. ती चुलीपाशी गेली. झाकण उघडेच राहिले होते, म्हणून मला सगळे दिसत होते. पारुबाई भाकरी थापत होत्या. निताने पांढऱ्या बशीत चिमूटभर कुंकू ठेवले आणि लिंबूसताच्या पाण्याची वाटी आईच्या पुढ्यात सरकवली.

"याडी, तू टाक. दोन थेंब."

"मला कामं हाईत."

"दोन थेंबच."

पारुबाईंनी पिठाच्या बोटांनी दोन थेंब सोडले. कुंकवातून बारीक फेस आला. लाल रंग कडेपासून हटू लागला आणि पाहता पाहता बशीत पिवळी हळद उरली. पारुबाई वाकून पाहू लागल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांचे लक्ष नव्हते.

"हे कुठं गेलं कुकू?"

"कुठंच न्हाई गेलं. धुरपताआजी हळदीत चुना घालून कुंकू करते ना? मी चुना काढून घेतला. पुन्हा हळद झाली," निता म्हणाली. "काल मी चुकीचं बोलले. हे पुसणं न्हाई याडी. कुंकवाची हळद होऊन राहिली."

पारुबाईंनी बशी जवळ ओढली. त्या म्हणाल्या, "हळद तं मिनाला लावायचीच हाय."

"व्हय."

"मंग मी लावते हात. तू नगं. तू घड्याळ पाहशील."

आणि तसेच झाले. पारुबाईंनी हात धुतले, मला मांडीवर घेतले आणि लेबलावर निताने मेणकागदाची चकती बसवून दिली, नाव भिजू नये म्हणून. पारुबाईंनी कापसाचा बोळा वाटीत बुडवून टिळ्यावर ठेवला. वर्षावर्षाचे थर एकेक करून मऊ होऊ लागले. मला थंड वाटले, मग हलके. लाल रंग पिवळा होऊन बोळ्यात उतरला. पारुबाईंनी मिनाला जवळ बोलावले आणि तो पहिला पिवळा बोळा तिच्या दोन्ही गालांना हलकेच टेकवला. "तुझ्या नानीची हळद हाय ही," त्या म्हणाल्या. तांड्यावर हळदीचा दिवस अजून यायचा होता, पण मिनाला पहिली हळद त्या सकाळी लागली. तिने गाल धुतले नाहीत.

पुढचे हात निताने फिरवले. रिठा, मग स्पिरिट, मग पाणी. बोळा नेहमी खाचेच्या दिशेने गोल, आडवा कधीच नाही. मग सावलीत सुकायला उभे केले.

दुपारी धुरपताबाईंना खाटेवर बसवून उचलून आणले. तातेराव यंत्र परत न्यायला आले होते, तेही बसले. "वाजली तं वाजली," ते म्हणाले, "न्हाईतं चहा तरी पाजा." धनसिंग यांनी सुई ठेवली. सात कडवी झाली. सगळ्यांचे श्वास थांबले होते, आणि माझाही, असे समजा. सुई आठव्या कडव्यात शिरली आणि चालत राहिली.

गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, शब्द मी तुम्हाला मराठीत सांगते. नवरी म्हणते, माझ्या बापाच्या तांड्यावर चिमण्यांइतकी लेकरे होवोत. माझ्या भावाच्या बैलांना अंधारात वाट सापडो. मी जे रडले ते पाणी तुमच्या विहिरीत पडो, आणि उन्हाळ्यात ते तुम्ही उपसून प्या.

कडवे भराभर संपले. मी लेबलापाशी नुसती फिरत राहिले. धनसिंग यांचे हात मांडीवर होते. या वेळी त्यांनी पुढची तबकडी शोधली नव्हती. धुरपताबाई म्हणाल्या, "व्हय. असंच होतं त्ये. पर नानी इतकी घाईत कामून म्हनली? असं न्हाई म्हनायची ती. लई सावकाश म्हनायची."

"मंग कसं म्हणायचं?" मिनाने विचारले.

"विहिरीपाशी थांबायचं. समद्यायला पानी दिसलं पाहिजे. मंग म्हनायचं, प्या."

पारुबाईंनी मला पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. मिना सुरात सूर मिळवू लागली. तातेराव चहा पिऊन झाल्यावरही उठले नाहीत आणि यंत्र लग्नापर्यंत इथेच राहू द्या म्हणाले.

मित्रांनो, आता मी त्याच ट्रंकेत असते. माझ्यासाठी निताने कागदाचे नवे पाकीट केले आहे. खंडेनवमीला पारुबाई अजूनही टिळा लावतात, पण पाकिटावर. लग्नाला काही वर्षे झाली आणि मिनाची लेक आता आजोळी आली की मला हातात घ्यायचा हट्ट धरते. तिला दोन्ही तळव्यांनी, फक्त कडेला धरायला शिकवले आहे. माझे तुमच्याकडे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल आणि तिच्यावर डाग दिसला, तर तो काढण्याआधी तो कशाचा आहे ते घरच्यांना विचारा. काय लावायचे ते आधी दुसऱ्या कशावर तरी लावून पाहा. आणि वस्तू जे काम करण्यासाठी जन्मली ते काम तिला अधूनमधून करू द्या. नुसती पूजा केली तर आम्ही मुक्या होतो.

लग्नाच्या दिवशी मिना उंबऱ्यापाशी उभी राहून ढावलो म्हणाली. निता तिच्या मागे, डोळे पुसत, पण मनगट वर धरून उभी होती. नंतर तिने ट्रंक उघडली आणि माझ्या नव्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिले: आठवे कडवे. नानी, एकतीस सेकंद. मिना, बावन्न सेकंद.